मामाच्या मुलीचा प्रश्न

संप मिटला की फुटला, हे भिवा सपकाळला शेवटपर्यंत कुणी धड सांगितलं नाही. एके दिवशी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजायला लागला, एवढं खरं. दारावर गर्दी झाली, थोड्यांना आत घेतलं, बाकीच्यांना वॉचमननं हात जोडले. भिवा बाकीच्यांत निघाला. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, उभी जवानी घातलेला माणूस, आणि आता लालबागच्या चाळीत गॅलरीच्या कठड्याला टेकून बिडी ओढायला लागला. अगदीच रिकामा बसला असं नव्हे. भायखळ्याच्या बाजारात कांद्याची पोती उचलली, गणपतीत मांडवाचे बांबू बांधले, एका वाण्याकडं पुड्या बांधल्या. पण त्याला काम म्हणत नाहीत. त्याला हातपाय हलवणं म्हणतात.

गावाकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर म्हादूमामाचा एकच निरोप यायचा. "जमीन पडून हाय. बैलं दावणीला बसून फुगल्यात. या म्हणावं दोघंबी."

हा महादेव म्हणजे भिवाचा सख्खा मामा, आणि भिवाची बायको मंजुळा ही त्याचीच पोरगी. म्हणजे मामा तोच सासरा. जावळीच्या खोऱ्यात ह्यात नवल काही नाही. मामाची पोरगी भाच्याला, हा आमच्याकडं कायदाच. पोरगी दुसरीकडं द्यायची असली तर आधी भाच्याच्या दारात जाऊन विचारायचं, तो नको म्हणाला तर पुढची सोयरीक बघायची. नाही विचारलं तर बहीण भावाशी जन्मभर बोलत नाही.

पण भिवाचं घोडं तिथंच पेंड खात होतं. नुसता भाचा असता तर तो मामाच्या घरी म्हातारा झाला असता तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. लहानपणी मामाच्याच ताटात जेवायचा तो, मामी ओरडायची तरी. जावई म्हणून मात्र चार दिवसांवर पाचवा दिवस राहिला की पारावरची म्हातारी सुरू होणार, "मुंबईला गेलं व्हतं साहेब व्हायला, आलं सासऱ्याच्या भाकरी मोडायला." एकाच दारात एका नात्यानं मान आणि दुसऱ्या नात्यानं माती. त्यात त्यांची लेक सुमी संपातच आजोळी धाडलेली. ती तिथल्या शाळेत रुळलीसुद्धा होती, आणि आता बापाला ओळखताना जरा थांबायची.

मामानं शेवटचा निरोप असा धाडला की दिवाळी झाली की मी सोता येतो. नोकरी लागली असली तर पाहुणचार खाऊन जातो. नसली तर बोचकी बांधून तुम्हाला घेऊन जातो. मामा बोलला की करायचा.

त्याच सुमाराला माझगावकडच्या एका कारखान्यात भरती निघाली. विजेची मीटरं बनवायचा कारखाना. जुने गिरणीवाले चालतील, सातवी पास हवी, पण आधी परीक्षा. गणिताची नाही, लिहिण्यावाचण्याची नाही, डोक्याची. तिला म्हणायचे अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. चाळीच्या तळमजल्यापासून भिवाच्या मजल्यापर्यंत ते नाव चढलं तोवर त्याची आपटी टेस्ट झाली होती.

"म्हंजे माका कळला," शेजारच्या खोलीतला रमाकांत परब म्हणाला. "जावचा, आपटूचा आणि घराक येवचा."

हा रमाकांत मालवणकडचा. साचेखात्यात त्याचा साचा भिवाच्या साच्याला लागून. दोघांची दोस्ती घाटी आणि कोकणी एकमेकांना जितक्या शिव्या देतात तितकी दाट.

भोईवाड्यात एका मंडळाच्या हॉलमध्ये ह्या परीक्षेचा सराव फुकट करून घ्यायचे. शिकवायला यायच्या वासंतीबाई अजिंक्य. गिरगावातल्या ठाकुरद्वारच्या. जुन्या मुंबईकर प्रभू घराण्यातल्या, विमा कंपनीत माणसं भरतीच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. असले प्रश्न त्यांनी तिथं वर्षानुवर्षं लोकांना घातले होते, आता ते सोडवायला शिकवत होत्या. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि आवाज असा की साचेखात्यातसुद्धा ऐकू गेला असता. रमाकांत पहिल्या दिवशी आला, पाठीमागं बसून जांभया दिल्या आणि परत फिरकला नाही. भिवा मात्र जात राहिला. गडी ऐकून घेणारा. मान हलवायचा. फक्त ऐकलेलं पटलं असं नव्हे.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले. करवत, पटाशी, रंधा, सुतार. ह्यातलं वेगळं कोणतं?

"रंधा," भिवा म्हणाला.

"रंधा? का हो?"

"करवत मागितली तर सुतार देतो. पटाशी देतो. सुतार सोता बोलावला की येतो. रंधा मातुर तो कुणाला देत न्हाय. धार जाती."

बाई खडू हातात धरून थांबल्या. "सपकाळ, करवत, पटाशी, रंधा ही हत्यारं आहेत. सुतार माणूस आहे."

"ते तर दिसतंयच की बाई. एवढं सोपं कशाला इचारतील?"

"सोपंच विचारतात. तुम्ही अवघड करून घेता."

हे बाकी खरं होतं. भिवाचं डोकं मंद नव्हतं, पण त्याला सरळ रस्त्यानं चालायची सवय नव्हती. खेड्यातला माणूस प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी, हा आपल्याला का विचारतोय, ते बघतो. त्यात परीक्षेचा वेळ जातो.

दुसऱ्या एका दिवशी बाईंनी लिहिलं, 'सर्व गिरणी कामगार शेतकरी आहेत. सर्व शेतकरी श्रीमंत आहेत.' आणि विचारलं, "तर मग निष्कर्ष काय निघतो?"

हॉल नुसता खदाखदा हसला. मागून एकजण म्हणाला, "बाई, ह्यो निष्कर्ष सही करून द्या, वाण्याला दाखवतो. उधारी वाढवून दील."

भिवानं हात वर केला. "बाई, पहिलं वाक्य निम्मं खरं हाय. दुसरं साफ खोटं."

"विधान खरं की खोटं, हे तुम्हाला विचारलेलंच नाही. दिलेलं विधान खरं मानायचं, आणि त्यातून काय निघतं तेवढं सांगायचं."

"आन मागनं खोटं निघालं तर?"

"तो ज्यानं विधान केलं त्याचा प्रश्न."

"तसं न्हाय बाई," भिवा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "संपात दारावरच्या सभेला सांगायचे, पुढल्या महिन्यात मालक वाकतोय. आमी खरं मानलं. त्याच्यातनं जे निघायचं ते निघालं. ज्यानं विधान केलं त्याचं काय गेलं न्हाय."

बाईंनी फळा पुसला, उगीच दोनदा पुसला. मग वळून म्हणाल्या, "ते आयुष्य होतं, सपकाळ. हा पेपर आहे. पेपरात खरं मानलं तर तुमचं काही जात नाही, उलट एक गुण मिळतो. इथं तरी माना."

भिवानं मान हलवली. ह्या वेळी मात्र खरी हलवली, कारण गुण मिळतो हे त्याला पटलं.

आणि मग नात्यांचे प्रश्न आले. बाई म्हणाल्या होत्या की नात्यांत तुम्ही लोक हुशार असणार, शहरातल्या मुलांना साडू म्हणजे कोण ते सांगता येत नाही. पहिला प्रश्न त्यांनी वाचला, 'एका मुलाने एका मुलीकडे बोट दाखवून म्हटले, हिचे वडील माझ्या आईचे एकुलते एक भाऊ आहेत. तर ती मुलगी त्या मुलाची कोण? आत्या, पत्नी, मामेबहीण, की भाची?'

"पत्नी!" निम्मा हॉल एका आवाजात.

बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. बघतात तर सगळे गंभीर.

"पत्नी कुठून आली? लग्नाचा उल्लेख कुठे आहे ह्यात?"

"उल्लेख कशाला पायजे?" भिवा म्हणाला. "एकुलता एक मामा म्हटल्यावर काय राह्यलं? दुसरा मामा असता तर इचार केला असता."

"अहो, मामाची मुलगी म्हणजे बहीण! आमच्याकडे राखी बांधते."

"आमच्याकडं तिनं भाच्याला राखी बांधली तर मामा तिला काठीनं बडवील."

बाई हसायला लागल्या त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मग विचारलं, "तुमच्या मिसेस कोणाच्या?"

"मामाच्याच."

"लग्नाआधी काय म्हणायच्या तुम्हाला?"

"म्हणायची काय न्हाय. दगडं मारायची."

हसणं ओसरल्यावर बाईंनी खडूनं 'मामेबहीण' ह्या शब्दाभोवती गोल काढला आणि तो गोल दोनदा गिरवला. "हे नीट ऐका सगळे. घरात ती तुमची कोणीही असो. पेपरात ती मामेबहीण. प्रश्नात लग्न नाही, तर उत्तरात लग्न नाही. घर दाराबाहेर ठेवून परीक्षेला बसायचं."

घरी येऊन भिवानं जेवता जेवता मंजुळाला सांगितलं, "आजपासनं तू माझी बहीण."

मंजुळा तवा उतरवत होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "मग अंथरूण घेऊन गॅलरीत जावा."

"पेपरापुरतं गं."

"पेपरापुरतं असलं तर पेपराबरूबर झोपा."

पण तीच रोज संध्याकाळी भाजी निवडत त्याला प्रश्न वाचून दाखवायची. तिला त्यातलं गम्य होतं असं नाही; उत्तर मागच्या पानावर असतं, तेवढं तिला पुरे होतं. उत्तर चुकलं की ती गवारीची शेंग त्याच्या अंगावर मारायची. लग्नाआधीची सवय. दिशांचे प्रश्न आले की भिवाला बसून सुधरायचं नाही. 'एक मनुष्य उत्तरेस चालत गेला, मग उजवीकडे वळला,' असं तिनं वाचलं की हा उठायचा आणि गॅलरीत चालायला लागायचा. भायखळ्याकडं पाठ म्हणजे उत्तर, मग उजवीकडं वळायचा तर समोर परबांचं दार. तिथं थांबून हात पसरून हिशेब करायचा. पाण्याच्या कळशा घेऊन आलेल्या बायका खोळंबायच्या. एक म्हातारी मंजुळाला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्याका देवाचा काय तरी बघून घे गो, बाधलेला दिसता."

रमाकांत दारात बसून हे बघायचा. "मेल्या, पूर्वेक खय जातंस? थय माझी बायल कांदो चिरता."

"तू शिक की लेका, तुला न्हाय का बसायचं परीक्षेला?"

"माका काय शिकवतली ती? माझ्या डोक्यात आसा तां आसा."

परीक्षा माझगावच्या एका शाळेत झाली. लहान पोरांची बाकं, मोठाले गुडघे. भिवाच्या मागंपुढं, आजूबाजूला सगळे जुने साचेखात्यातलेच, आणि तीन बाकं पलीकडं रमाकांत. पेपर मराठीत होता. भिवानं बाईंनी सांगितल्याप्रमाणं घर दाराबाहेर ठेवलं. कुठं चार आकडे देऊन पाचवा विचारला होता, तो काढला. सर्व पक्षी झाडं होती, काही झाडं दगड होती. भिवानं मुकाट्यानं खरं मानलं आणि गुण घेतला. आणि पान उलटलं तर पुढं मामाची पोरगी उभी. शब्द इकडचे तिकडं, प्रश्न तोच. भिवानं 'मामेबहीण'वर खूण केली. जीव जरा खालीवर झाला, पण केली.

आता साचेखात्यातल्या माणसांची एक गोष्ट सांगायला हवी. शेकडो साचे एका वेळी खडखडायला लागले की शेजारच्याची आरोळीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथं माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायची. मिशीला पीळ दिला म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय. अंगठा ओठाला लावला म्हणजे चहा. कपाळावर बोट टेकलं म्हणजे बायको, मनगट चोळलं म्हणजे बहीण. वर्षानुवर्षं असं बोललेल्या माणसाचे हात मग मन विचारायच्या आधी बोलतात.

भिवानं मान वर केली तर रमाकांत त्याच्याचकडं बघत होता. त्यानं कपाळावर बोट टेकलं, मग मनगट चोळलं आणि भुवया उडवल्या. बायको, की बहीण?

भिवाचा डावा हात उजव्या मनगटावर गेला आणि दोनदा फिरला. बहीण. काम झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

रमाकांतनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं खुळ्याकडं बघतात. मान हलवली, आणि कागदावर भलतीकडंच खूण केली.

निकाल लागला तेव्हा भिवाचं नाव पास झालेल्यांत होतं. रमाकांतचंही होतं. त्यांच्या आजूबाजूच्या बाकांवरच्या आणखी सहा जणांचंही होतं. पण त्या सगळ्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'कार्यालयात भेटावे.' आणि आधी बोलावलं भिवाला.

भरतीचे साहेब तरुण होते, बोलायला साधे. "बसा सपकाळ. तुमच्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या आजूबाजूचे हे सात जण आहेत ना, ह्या सातही जणांनी एकाच प्रश्नाचं एकच चुकीचं उत्तर दिलंय. मामाची मुलगी म्हणे पत्नी! असं चुकीचं उत्तर सात जणांना एकदम सुचत नाही. पर्यवेक्षकांनी हातवारे होतानाही पाहिलेत. एकट्या तुमचं उत्तर बरोबर आहे, म्हणजे तुम्ही ह्यात नाही. एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं, एवढं तुम्ही सांगा. तुमची ऑर्डर मी आजच काढतो."

भिवाच्या डोळ्यापुढं दिवाळी आली. मामा दारात उभा, डोक्याला मुंडासं, हातात बोचक्यासाठी दोरी. नुसतं 'व्हय साहेब' म्हटलं की ती दोरी परत जाणार होती.

"साहेब, त्यांनी उतरवलं न्हाय," तो म्हणाला. "त्यांना तसंच वाटतंय. आमच्यात मामाची पोरगी ही बायकोच."

"सातही जणांच्या बायका मामाच्या मुली?"

"सगळ्यांच्या न्हाईत. रमाकांतची बायको लांबची हाय. त्याला मामानं पोरगी दिली न्हाय, म्हणून तो मामाशी अजून बोलत न्हाय."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "आणि हातवारे?"

इथं भिवा थांबला. माशी मारत होतो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग ते सात जण माशीच्या जिवावर सुटणार नव्हते. त्यानं मनातल्या मनात वासंतीबाईंच्या फळ्यासारखी मांडणी करून बघितली. एकीकडं हे खरं मानलं तर काय निघतं, दुसरीकडं ते. सात जण सुटायचे तर दोन्ही वाटा फिरून त्याच्या स्वतःच्या हातापाशी येत होत्या.

"रमाकांतनं मला हातानं इचारलं, बायको का बहीण. मी हातानं सांगितलं, बहीण. त्याला ते पटलं न्हाय, त्यानं बायको लिवलं. बाकीच्यांनीबी माझा हात बघितला असंल. कुणी माझं ऐकलं न्हाय. उतरवलं असतं तर साहेब, सगळ्यांचं बरूबर आलं असतं."

साहेबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"तुम्ही जे सांगितलं त्यावरून त्यांनी कॉपी केली नाही, हे सिद्ध होतं."

"व्हय."

"आणि तुम्ही उत्तर सांगितलंत, हेही."

"व्हय," भिवा म्हणाला. "ते मला बोलायच्या आधीच कळलं व्हतं."

सातही जणांना कायम म्हणून घेतलं. भिवाला साहेबांनी काढून टाकलं नाही, पण कायमच्या यादीतून उचलून बदलीच्या यादीत टाकलं. बदली म्हणजे रोज सकाळी दारावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत घेणार, नसेल तर परत. गिरणीत लागला तेव्हा पोरसवदा भिवा बदलीच होता. इतकी वर्षं चालून माणूस उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम करत निघाला होता तिथंच आला.

रमाकांत ऐकून कपाळ बडवत आला. "अरे खुळ्या, माशी मारीत हुतंय म्हणान सांगूचा मां! त्येका काय कळणार हुता?"

"मग तुझी नोकरी गेली असती. कशानं गेली, ते तरी तुला कळलं असतं का?"

"माका कळण्याचो प्रश्नच नाय. बायल ता बायल. तुझां उत्तर चुकीचाच हुता."

आणि तो मालवणी शिव्यांचं एक पोतं रिकामं करून, डोळे पुसत निघून गेला.

वासंतीबाई मात्र रागावल्या. "परीक्षेत हात हलवायचा नसतो, हे मी वेगळं शिकवायला हवं होतं का?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "साहेबांना जे सांगितलंत त्यात तर्काची चूक एकही नाही. हेच डोकं त्या सुताराच्या वेळी कुठं होतं?" पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वर्गातल्या सगळ्यांना हाताची घडी घालून प्रश्न सोडवायला लावले. हातांनी बोलणाऱ्यांना ते जड गेलं.

मंजुळानं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "बदलीचं रोज जावं लागतं?"

"रोज."

"मग रोज डबा करते. आत घेतलं तर खावा, न्हाय घेतलं तर घरी येऊन खावा."

दिवाळी झाली आणि मामा आला. बरोबर तांदळाची पिशवी आणि नाचणीचं पीठ. पायरीवरच विचारलं, "लागली का रं?"

"लागली," भिवा म्हणाला.

"कायम?"

"आबा, आधी पाय धुवा," मंजुळा आतून ओरडली. "पानं वाढल्यात."

मामा जेवला, सुपारी कातरली, सुमी आता चौथीत गेली, बे ते तीसचे पाढे म्हणती, असं सांगितलं. बैलांचं काही बोलला नाही. झोपताना मात्र म्हणाला, "सकाळी तुझ्यासंगं येतो. कारखाना तरी बघतो. तिकडनंच गाडीला जाईन."

नाही कसं म्हणणार? मंजुळानं डबा भरून दिला आणि भिवाकडं न बघता दार लावून घेतलं. लालबागवरून चिंचपोकळीच्या पुलाच्या तोंडापर्यंत, मग घोडपदेव, असे दोघं चालत निघाले. मामा दर दहा पावलांवर इमारतींकडं बोट करून विचारत होता, हे काय, ते काय.

कारखान्याच्या दारासमोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. "तुमी हितं बसा," भिवा म्हणाला, आणि जाऊन भिंतीला लागून बाकीच्या बदल्यांत उभा राहिला. कायमवाले दारातून आत जात होते. त्यांत रमाकांत आला. त्यानं टपरीवर बसलेल्या मामाला बघितलं, भिवाला बघितलं, आणि मान खाली घालून आत गेला.

टाइमकीपर बाहेर आला. एक नाव घेतलं, मग दुसरं, मग आणखी थोडी. ज्याचं नाव आलं तो आत गेला. शेवटी टाइमकीपरनं हात झटकले आणि दार लागलं. भिंतीपाशी भिवा आणि दोघं-तिघं उरले. तेही खाली बघत पांगले.

भिवा रस्ता ओलांडून आला. मामानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली, बशी टपरीवाल्याच्या हातात दिली. त्यानं सगळं बघितलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे अजून घारीचे होते, डोंगरावरची स्वतःची शेळी तो दुसऱ्याच्या कळपातून ओळखायचा.

"तुला आज सुट्टी हाय वाटतं?" मामा म्हणाला.

भिवानं त्याच्याकडं बघितलं. मामा पिशवीची गाठ बांधत होता.

"व्हय," भिवा म्हणाला.

"बरं झालं. मग मला परळला गाडीत बसवून दे. तुमच्या मुंबईत मला एकट्याला उमगत न्हाय."

हा माणूस संपाच्या आधीपासून दरवर्षी तूप घेऊन एकटा मुंबईला यायचा, आणि परळच्या डेपोतल्या कंडक्टरांना नावानिशी हाक मारायचा. भिवानं त्याच्या हातातली पिशवी घेतली. दोघं चालत निघाले. वाटेत मामानं एकदाही जमिनीचं नाव काढलं नाही. भाताला दर काय आला ते सांगितलं, गावात कोण मेलं ते सांगितलं.

गाडी सुटायच्या बेतात आली तेव्हा मामा खिडकीतून वाकला. "सुमीला औंदा परीक्षा झाली की आणून सोडतो. हिकडंच घाला शाळेत. पोरगी आजोळी लई दिवस ठिऊ नये, ऐतोबा होती."

"व्हय मामा," भिवा म्हणाला.

गाडी हलली, फाटकातून वळली आणि दिसेनाशी झाली. डबा अजून भिवाच्या काखेत होता. दुपारच्या पाळीलाही थोडे बदली घेतात, असं रमाकांत म्हणाला होता. भिवानं डेपोच्या नळावर तोंड धुतलं, गळ्यातल्या रुमालाला पुसलं, आणि माझगावची वाट धरली.